जखमेपुरतं दार

भिंतीवर बसवलेल्या तांबड्या लेसर दिव्यानं सगुणाआक्काच्या घोट्यावरची अकरा वर्षांची जखम तीन दिवसांत भरून आली, आणि चौथ्या दिवशी तिचा नवरा विटा घेऊन आला.

वाटणीत भावाभावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती, बोलणं तोडलं होतं. भिंतीत दार ठेवलं ते तेवढं या जखमेपुरतं. रोज दुपारी धाकटी जाऊ केसर त्यातून पट्टी बदलायला यायची. "आक्का, पाय आहे का नांगर?" म्हणत तो मांडीवर घ्यायची, आणि पट्टी बांधून होईतो दोघी माहेरच्या ओव्या गुणगुणायच्या.

"जखम भरली. आता दार कशाला?" म्हणत नवरा विटा रचत गेला.

दार कमरेपर्यंत बुजलं, तशी आक्कानं विळीच्या पात्यावर टाच ओढली. "केसर, धाव गं, पाय कापला!"

केसर हळदीची वाटी घेऊन पलीकडून धावली. पण रक्त दिसताच भिंतीवरचा तो तांबडा दिवा आपसूक पेटला होता, आणि चीर होती की नव्हती अशी टाच मिटली होती.

"कुठाय जखम?" नवऱ्यानं विचारलं आणि पुढची वीट बसवली.

शेवटच्या विटेमागून केसरचा आवाज आला, "आक्का, फार लागलं का गं?"

"फार," आक्का म्हणाली, आणि तिनं गुळगुळीत टाच लुगड्याखाली झाकून घेतली.