कोकोचे दोन पेले

दोन्ही पुड्या कात्रीने उघडताच काकूंनी ओळखलं, खरा माल आपल्या पुडीत आहे. त्यांची सगळी नोकरी चॉकलेटच्या कारखान्यात झालेली. लालसर भुकटी म्हणजे कोकोचं सत्त्व शाबूत. काकांच्या पुडीतली काळपट, म्हणजे नुसता रंग आणि वास.

नवराबायको दोघांनाही मधुमेह. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या सत्त्वाने मधुमेहींच्या आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात का, याची डॉक्टरीणबाई चाचणी घेत होत्या. कोणाला खरा कोको नि कोणाला नावापुरता, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाण्यात ढवळल्यावर रंगही सारखाच दिसे, चवही सारखीच लागे.

काकूंना स्वतःची फिकीर नव्हती. काकांचे पाय मात्र गार पडत, जिना चढताना पोटऱ्या भरून येत. मग काकूंनी सरळ आपली पुडी त्यांच्या पेल्यात रिकामी केली आणि त्यांची आपल्या. शास्त्र गेलं खड्ड्यात, आधी नवरा.

रोज सकाळी हाच उद्योग. दोघांच्या जागेपुढे एकसारखे पेले ठेवून काकू गोळ्या आणायला आत जात, मग समोरासमोर बसून पिणं होई. एरवी औषध म्हटलं की काका तोंड वाकडं करायचे. हा कोको मात्र ते निमूटपणे संपवत, वर पेलाही विसळून ठेवत. काकूंना त्यांचं भारी कौतुक वाटे. म्हातारपणी का होईना, गडी सुधारला.

शेवटच्या तपासणीत दोघांच्या हाताला पट्टा आवळून सोडला आणि रक्तवाहिनी किती रुंदावते ते यंत्रावर पाहिलं.

"काकू, तुमची रक्तवाहिनी पहिल्यापेक्षा छान उघडतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकांची मात्र होती तशीच आहे."

काकूंचा चेहरा पडला. म्हणजे आपली पारखच चुकली. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांना राहवेना. पुड्यांची अदलाबदल त्यांनी पहिल्यापासून सांगून टाकली.

"तुमचं भलं करायला गेले, आणि खोटा कोको तुम्हालाच पाजत बसले," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

काकांनी त्यांचा हात हातात घेतला.

"पारख कुठे चुकली तुझी? पुड्या बदलताना पहिल्याच दिवशी पाहिलं होतं मी तुला. तू गोळ्या आणायला आत गेलीस, की मी पेले बदलायचो."