औषधवाल्या बाई

"आई, काय राखून ठेवलंत ते आता तरी सांगा," सून म्हणाली आणि तिने हातातली कुंडी सासूबाईंपुढे टेबलावर आपटली. आत पाइनचं रोप होतं. बोटभर उंचीचं, सुया जांभळट पडलेल्या. चार महिन्यांत ते जेमतेम एवढंच वाढलं होतं. मागच्या शेडमध्ये अशीच दोन हजार उभी होती, आणि डोंगरावर झाडं लावणारा ठेकेदार ती न्यायला चार महिन्यांनी येणार होता.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. तीस वर्षं ही रोपवाटिका त्यांनी एकहाती चालवली होती. त्यांची रोपं नेहमी ताठ आणि हिरवीगार. रोपांना द्यायचं खताचं पाणी त्या दार लावून बनवत, म्हणून सगळे त्यांना औषधवाल्या बाईच म्हणत. त्यात काय घालता असं कुणी विचारलं की त्या नुसत्या हसत. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी औषधाची कृती मापासकट कागदावर लिहून सुनेच्या हाती दिली. सुनेने ती थेंबाचाही फरक न करता पाळली, तरी मुसळ केरात. नणंद फोनवर म्हणाली होती, "आईला मी ओळखते गं. एखादी वस्तू नक्की गाळली असेल." ते सुनेच्या मनात रुतून बसलं होतं. आपल्याला तोंडघशी पाडायलाच हे काम दिलं, अशी तिची आता खात्री झाली होती.

"कागदावर आहे तेवढंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या औषधात खोट नाही. चल, दाखव मला."

गुडघे कुरकुरत होते, पण त्या तरातरा शेडमध्ये गेल्या. शेड कशी चकाचक! ती तशी असणारच. सून आधी एका दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं उकळायच्या कामावर होती. इथे आल्या आल्या तिने लागतील तेवढ्या जुन्या कुंड्या खरवडल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, आणि नवी मातीसुद्धा वाफवून मगच भरली. सासूबाईंनी उभ्या जन्मात कुंडी धुतली नव्हती.

जांभळ्या रांगा बघत त्या शेवटपर्यंत गेल्या आणि थबकल्या. दाराआड जमिनीवर बारा रोपं होती. वीतभर उंच, हिरवीगार.

"ही कुठली?"

"उरलेलं बी होतं. धुतलेल्या कुंड्या संपल्या, म्हणून तुमच्या जुन्या मातकट कुंड्यांतच टाकलं. ती मोजणीतली नाहीत."

"औषध किती घातलंस?"

"एक थेंबही नाही. नुसतं पाणी."

सासूबाईंनी त्यातलं एक रोप हळूच उपटलं. मुळांना पांढऱ्या धाग्यांचं दाट जाळं लगडलं होतं, आणि ते मातीत दूरवर पसरलं होतं. मग त्यांनी एक जांभळं रोप उपटलं. त्याची मुळं लख्ख, उघडीबोडकी.

"ई, बुरशी!" सून म्हणाली. "फेकून देते सगळी."

"थांब. हिरवं कोण आहे ते बघ आधी."

सून बघत राहिली. मग तिच्याही ध्यानात आलं. माती अन्नाने भरलेली असली तरी पाइनच्या मुळांचा हात तोकडा असतो. मूळ पोचत नाही तिथे बुरशीचे धागे पोचतात, मातीतलं अन्न गोळा करतात आणि मुळाच्या तोंडाशी आणून देतात. सासूबाईंच्या कुंड्यांत ही बुरशी वर्षानुवर्षं नांदत होती, आणि सुनेने तिला मोठ्या निष्ठेने उकळून मारलं होतं. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही बारा रोपं औषधाशिवाय वाढली होती. म्हणजे तीस वर्षं रोपं वाढवली ती बुरशीने, औषधाने नव्हे. ती भांडायला आली होती आणि सासूबाईंचा तीस वर्षांचा मान पायाखाली तुडवून बसली होती.

सासूबाईंनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं. खरवडलेली जुनी माती नशिबाने कुंपणापाशी ढीग होऊन पडली होती. दोघींनी ती मूठमूठ करून प्रत्येक कुंडीत घातली. औषधाचा विषय कुणी काढला नाही. काढायचाच नाही, कधीच नाही, असं सुनेने मनाशी पक्कं केलं. दोन महिन्यांत जांभळेपणा ओसरला. आणखी दोन महिन्यांत शेडभर हिरवा रंग उभा राहिला.

ठेकेदार आला. रोपं बघून खूश झाला. "बाई, इतकी वर्षं विचारतोय," तो म्हणाला. "आता तरी सांगा, औषधात घालता काय?"

"ते आमच्या घरातलं गुपित आहे," सून घाईघाईने म्हणाली. "आई कुणालाच सांगत नाहीत."

"गुपित कसलं डोंबलाचं!" सासूबाई भर शेडमध्ये ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "तीस वर्षं माझं मलाच माहीत नव्हतं. हिला विचारा."