सातापुढचा तारा

मेव्हण्याला महाबळेश्वरची सहल लागली, तर बायको खूश होऊन पळशीकर साहेबांना घरात वर्षभर शांतता मिळणार होती. म्हणून कारखान्याच्या सोडतीत कुठला नंबर निघावा, त्याचा नमुना त्यांनी कॉम्प्युटरवर स्वतःच टाइप केला: मेव्हण्याच्या तिकिटाचा सात, आणि नुसता सात लोकांना खटकेल म्हणून पुढे एक तारा.

"सर, ताऱ्याच्या जागी कुठलेही आकडे बसतात हं," प्रोग्रॅम लिहिणारी हेमांगी कुजबुजली.

"बसू दे की! मेव्हणा बसला म्हणजे झालं." साहेबांनी माइक ओढला. "जितके नंबर निघतील, तितक्यांची सहल माझ्याकडून!"

पडद्यावर सात आला, मग सत्तर, एकाहत्तर, सातशे... नंबर थांबेचनात! हॉलभर शिट्ट्या.

"साहेब, पोरंबाळंही आणू का?" मागून कुणीतरी ओरडलं.

दोन बसगाड्या भरून गेल्या. भाडं साहेबांनी भरलं. आणि बायकोला सोडून कारखान्यातली शंभरावर माणसं फिरवून आणल्याचं व्याज ते घरी अजून भरताहेत.