मूळ प्रत

दादाचा कॉम्प्युटर सारखा अडकत होता, म्हणून सुट्टीच्या दुपारी मला बोलावणं आलं. घरातला कॉम्प्युटरचा डॉक्टर मीच. आल्या आल्या तपासणी लावली. मशीन आपली एकेक फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहतं आणि बिघडलेली बदलून टाकतं, एवढंच ते काम.

‘एक फाइल बिघडली होती. दुरुस्त केली.’

वहिनीनं चहा आणून ठेवला. माझ्या मुलाखतीच्या शर्टाला इस्त्री करताना तिचं मनगट भाजलं होतं. तो भाजल्याचा डाग आता दिसेना.

“वहिनी, डाग कुठे गेला?”

“कसला डाग? भावोजी, आधी स्वतःचे डोळे तपासा!” ती हसत आत गेली.

मला काही चैन पडेना. तपासणी पुन्हा लावली.

‘आणखी एक फाइल दुरुस्त केली.’

जिन्यावर दादाची पावलं वाजली. लहानपणी भांडणात मी त्याला याच जिन्यावरून ढकललं होतं, तेव्हापासून तो लंगडतो. आता तो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला.

तपासणी बंद करायला गेलो, तर ती आपली आपणच तिसऱ्यांदा सुरू झाली होती.

‘एक फाइल मूळ प्रतीत नाही. काढून टाकायची?’

“दादा, थांब, हात लावू नकोस,” मी म्हणालो.

दादानं टेबलावरचा कप उचलला. “अगं, हा चहा कुणासाठी ठेवलायस?” त्यानं आत हाक मारून विचारलं.

आणि माझ्या खांद्यावरून वाकून त्यानं माऊस धरला.