कोठीचं कुलूप

"लाव." रेक्टर साहेबांनी कुलूप पुंजारामच्या हातात ठेवलं. "मुलांच्या पोटाचं धान्य आहे हे. आजपासून उघडं राहणार नाही. जमत नसेल तर तू आणि तुझी बायको उद्या गावी जा."

गावी जाऊन करायचं काय? बहात्तर साल होतं. विहिरी तळाला गेलेल्या, माणसं खडी फोडायला गेलेली. इथं कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात पुंजाराम कोठी सांभाळायचा, रंगुबाई भाकऱ्या थापायची. दोन वेळचं सुखानं चाललं होतं. आधी पोरं पत्र्याच्या शेडमध्ये जेवायची, वारा सुटला की पिठल्यात धूळ. आता नवी इमारत झाली, तीनशे पोरांची एक पंगत बसेल एवढा हॉल झाला, धान्याला लोखंडी दाराची कोठी झाली. सगळं चांगलंच झालं होतं. हे एक कुलूप सोडून.

पुंजाराम पडला शिंगणापूरचा. तिथं घराला चौकट असते, दार नसतं. चाळिशी उलटली तरी त्यानं कुलपाला कधी हात लावला नव्हता. आजी सांगायची, "कुलूप लावनाऱ्याचं डोळं जात्यात, बाबा. शनिदेव बघतोय." आजीनं सांगितलेलं हाडीमाशी खिळतं, साहेबाच्या दमदाटीनं ते थोडंच निघतंय.

साहेब गेले. पुंजारामनं कुलूप या हातातून त्या हातात केलं. शेवटी त्यानं डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं, दार ओढलं आणि चाचपडत कुलूप अडकवलं. कट्ट झालं तसा तो पाठ फिरवून निघाला तो थेट पार नळाच्या हौदापाशी.

तिथं डोळे उघडले. दिसत होतं. पण जीव थाऱ्यावर येईना. बोटं मोजली, झाडं मोजली. एवढ्यात वावटळ आली, ऊन मळकट झालं आणि त्याला दरदरून घाम फुटला. आलं, म्हणाला मनाशी, आलं आता. वावटळ निघून गेली. तास गेला, दीड तास गेला, तो तिथंच बसून राहिला.

मग पंगतीत पोरांनी ताटं बडवायला सुरुवात केली. भाकरीच नव्हती. बायडाबाई स्वयंपाकीण त्याला शोधत हौदापाशी आली.

"रंगू कुठंय?" यानंच तिला विचारलं.

"पीठ आनाया कोठीत गेलती की मगाशीच. मला वाटलं तुमच्यासंगं हाय."

कुलूप लावण्याआधी आत डोकावायचं असतं, हे उभ्या जन्मात कुलूप न लावलेल्याला कोण सांगणार? त्यात यानं डोळे मिटलेले. दार जाड लोखंडाचं, भटारखान्यात स्टोव्हचा फरफराट. आतली हाक बाहेर कशी यावी? आणि धान्याला ओल लागू नये म्हणून कोठीला खिडकीही ठेवलेली नव्हती.

तो धावला. किल्ली भोकात जाईना. चौथ्या खेपेला गेली.

दाराशीच रंगुबाई उभी होती. बडवून बडवून मुठी सुजलेल्या, तोंड पिठानं पांढरं. पुंजारामला रडू फुटलं. "चुकलो गं, चुकलो," एवढंच त्याला बोलता आलं.

तिनं ते ऐकलंच नाही. पिठाच्या हातांनी त्याचं तोंड धरलं, अंगठ्यानं एकेक पापणी वर केली आणि विचारलं,

"अवो, दिसतंय न्हवं तुमाला? मी कोन हाय, सांगा बरं."