आधीचा फोटो

"अजून थोडं," डॉक्टरीणबाई फोटोवाल्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "छिद्रं नीट दिसायला हवीत."

त्याने कॉम्प्युटरवरची शार्पनिंगची, म्हणजे कडा ठसठशीत करायची पट्टी साठवरून ऐंशीवर नेली. पडद्यावरचा गाल खडीच्या रस्त्यासारखा दिसू लागला. गाल होता एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा, आणि दहा मिनिटांपूर्वी फोटो काढताना त्याने तो जवळून पाहिला होता. चांगला होता. आजचा हा सातवा चेहरा.

कॉम्प्युटर काही नवीन शोधून काढत नाही. काळ्याची कड आणखी काळी करतो, उजळाची आणखी उजळ, एवढंच. राईचा पर्वत करायचं यंत्र, दुसरं काय! बाहेर दवाखान्याच्या भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडीजोडीने चेहरे लावले होते. त्यातले सगळे 'आधी' त्याच्या हातचे. या कामाची त्याला एवढी शिसारी बसली होती, की घरी पोचल्यावर तो आधी हात धुवायचा आणि मग चपला काढायचा.

"बोलवा त्यांना," बाई म्हणाल्या. आवाजात आत्तापासूनच साखर होती.

मुलगी आणि तिची आई आत येऊन बसल्या. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. मुलगी नुसती बघत राहिली. आई पुढे वाकली, "शी!" म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता. मग काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "अगं, तोंड तरी धुतेस ना नीट?"

"धुऊन जाणारं नाही हो ते," बाई हळहळल्या. "आतून खराब झाली की अशीच दिसते त्वचा. उपचाराच्या बारा बैठका लागतील. घाई नाही, सावकाश विचार करा." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या.

मुलगी स्वतःच्या गालावरून बोट फिरवत होती. बोटाला काही लागत नव्हतं, तरी फिरवतच होती. फोटोवाला सात महिने मूग गिळून बसला होता, पण हे त्याला बघवेना. नोकरी गेली तर गेली.

"इकडे बघ, पोरी," तो दबक्या आवाजात म्हणाला आणि त्याने पट्टी शून्यावर आणली. पडद्यावर साधासुधा गाल आला. एक फिकट तीळ, नाकाजवळ एक पुटकुळी, बस्स. "हा तुझा चेहरा. कॅमेऱ्यातून आला तसा. मघाचं सगळं मी केलेलं होतं. खोटं आहे ते. उठा आणि सरळ घरी जा."

आईचा जीव भांड्यात पडला. "तरी मला वाटलंच!" म्हणत ती पर्स घेऊन उभी राहिली.

मुलगी उठली नाही. ती फोटोवाल्याकडे बघून हसली, अगदी समजूतदारपणे.

"काका, मला बरं वाटावं म्हणून करताय ना हे?"

"अगं नाही, खरंच सांगतोय."

"माझ्या फोनमध्ये पण आहे की. एक बोट फिरवलं की सगळं गुळगुळीत."

"हे ते नाही गं!"

तिने त्याच्या हाताखालून माउस ओढून घेतला. पट्टी उजवीकडे सरकू लागली. ऐंशीवर थांबली नाही, शंभरावर थांबली नाही, दीडशेच्या टोकाला जाऊन टेकली. फोटोवाल्याने ती कधी तिथवर नेली नव्हती. पडद्यावरच्या डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा आता रवा सांडला होता. आईने मान फिरवली.

दार उघडून बाई आत आल्या. मुलीने पडद्यावरच्या हनुवटीवर बोट ठेवलं.

"डॉक्टर, हे इथलंसुद्धा जाईल ना?"

पट्टीने हनुवटीवर उमटवलेले ते काळे ठिपके फोटोवाल्यानेही आत्ताच पहिल्यांदा पाहिले.