बिनवासाची संध्याकाळ

ती सौरपॅनेलसाठी धातू आणि गंधकाचे नॅनोकण बनवत होती. पण गंधक धातूला धरून राहीना; वायू होऊन निसटे आणि कुजक्या अंड्यांचा वास तिच्या कपड्यांत शिरे. तिचं नाक सरावलं होतं, नवरा मात्र रोज दारातच ओरडे, "आधी आंघोळ!"

आज त्याने सवयीने नाक दाबलं, सोडलं, मग चक्क तिची बाही हुंगली.

"काय गं, दांडी मारलीस? वास कसा नाही?"

"वास नाही? अरे, म्हणजे धरलं गंधकाने धातूला!" त्याचा मुका घेऊन ती आल्या पावली प्रयोगशाळेकडे पळाली.


तिच्या शोधनिबंधात वापरलेल्या उपकरणांची यादी आहे. सगळ्यात शेवटी लिहिलंय: नवऱ्याचं नाक, नग एक.